साधा हायड्रोजन

डोंबिवलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बरीच वर्षं फिजिक्स शिकवलं. अणुसंमीलन हा बारावीच्या पुस्तकात शेवटी शेवटी येणारा भाग. परीक्षेत त्याला फार मार्क नसायचे, म्हणून मीही तो भराभर उरकायचे. हलके अणू जुळतात, जड अणू तयार होतो, ऊर्जा बाहेर पडते, सूर्यात हेच चालतं, चला पुढे. निवृत्त झाल्यावर ठाण्यातल्या एका वाचनालयात या विषयावर व्याख्यान आहे असं कळलं, आणि दुपार रिकामी होती म्हणून मी गेले. एवढंच कारण.

व्याख्यान देणारे गृहस्थ चाळिशीचे होते. मूळचे साताऱ्याकडचे, राहायला माजिवड्याला. एका संशोधन संस्थेतली चांगली नोकरी सोडून त्यांनी वागळे इस्टेटमध्ये एक गाळा भाड्याने घेतला होता आणि तिथे फ्युजनचं, म्हणजे याच अणुसंमीलनाचं, छोटं यंत्र बांधायला काढलं होतं. पीएचडी होते म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे. त्यामुळे व्याख्यानानंतर एका आजोबांनी त्यांना शुगरबद्दल विचारलं, आणि त्यांनी गंभीरपणे ‘मी तो डॉक्टर नाही’ असं सांगितलं. मला त्यांचं ते गांभीर्य आवडलं. भाषणातही त्यांनी कसलं आमिष दाखवलं नव्हतं. हे यंत्र वीज तयार करणार नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. एक वेगळी मांडणी त्यांना तपासून बघायची होती. मोठे प्रकल्प सरकारं करतात, पण लहान कल्पना खरी का खोटी हे बघायलाही पैसा लागतो आणि तो कोणी देत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून ते लोकांकडे आले होते.

मी गाळा बघायला गेले. एका बाजूला पॅकिंगच्या खोक्यांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पावडर कोटिंगवाला. मध्ये या गाळ्याचं शटर. आत मोठ्या पातेल्याएवढं स्टीलचं गोल भांडं, त्याला जोडलेले पंप, जाड केबल आणि भांड्याला एक छोटीशी काचेची खिडकी. व्होल्टेज चढवल्यावर आत जांभळा उजेड झाला. आयुष्यभर फळ्यावर ज्याची चित्रं काढली, ते समोर होतं. त्या दिवशी मी त्यांच्या गटात गेले ती गेलेच.

गट म्हणजे दहाबारा जण. निवृत्त बँकवाले, एक औषधांच्या दुकानाचे मालक, दोन-तीन कॉलेजची पोरं, एक आर्किटेक्ट बाई. रविवारी गाळ्यात जमायचं, डॉक्टरांकडून आठवड्याचं काम समजून घ्यायचं आणि पुढची व्याख्यानं ठरवायची. सोसायट्यांचे हॉल, शाळा, गणपतीचे मंडप, महिला मंडळं, जिथे कोणी उभं करील तिथे आम्ही जायचो. डोंबिवलीत एमआयडीसीच्या बाजूला राहणारे लोक हमखास विचारायचे की हे फुटणार तर नाही ना. तिथल्या कारखान्यांत स्फोट झालेले, त्यामुळे त्यांनी ते विचारणं साहजिक होतं. मी सांगायचे की यात फुटण्याएवढं काही नाहीच, जरा कुठे गडबड झाली की हे विझतं. चालू ठेवणं हीच तर अडचण आहे. लोक हसायचे आणि काहीतरी देऊन जायचे.

असंच एकदा आंबिवलीला एका बुद्धविहारात व्याख्यान होतं. वंदना झाल्यावर लोक थांबले. बायका पांढऱ्या साड्यांमध्ये पुढे, पुरुष मागे. मी बोलले आणि प्रश्न विचारा म्हटलं. मागून एक मुलगा उठला. बीएस्सी झालेला, कल्याणला कुरियरच्या ऑफिसात कामाला. त्याने विचारलं, “मॅडम, सूर्याला एवढं वजन आहे म्हणून तो अणूंना दाबून धरतो. आपल्याकडे वजन नाही. मग आपण कशाने धरायचं?” मी उत्तर दिलं, पण मला जाणवलं की सभागृह माझं उत्तर ऐकण्यापेक्षा त्याचा प्रश्न समजून घेत होतं. त्याने एका वाक्यात सगळी अडचण मांडली होती.

पुढच्या रविवारी तो गाळ्यात हजर. “मी मॅडमचं ऐकून आलेलो,” असं डॉक्टरांना म्हणाला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. वर्षभरात तो आमचा सगळ्यात चांगला वक्ता झाला. मी बोलायचे ते शिकवल्यासारखं व्हायचं. तो बोलायचा ते गप्पा मारल्यासारखं. आंबिवली, शहाड, टिटवाळा, तिकडच्या वस्त्यांमध्ये आम्हाला कोणी ओळखत नव्हतं, तिथे त्याच्यामुळे दारं उघडली. लोक फ्युजनकडे बघून देत नव्हते, त्याच्याकडे बघून देत होते. हे तेव्हाही मला दिसत होतं. त्यात काही वावगं आहे असं मात्र वाटलं नव्हतं. कुठल्याही कामात माणसाकडे बघूनच लोक विश्वास टाकतात.

परवानग्यांचं मोठं प्रकरण होतं, ते एकदाचं संपलं आणि डॉक्टरांनी यंत्रात जड हायड्रोजन, म्हणजे ज्याच्या अणूत एक न्यूट्रॉनही असतो तो, भरला. अणू खरोखर जुळले तर न्यूट्रॉन बाहेर पडतात, म्हणून न्यूट्रॉन मोजायचं उपकरण भांड्याशेजारी ठेवलं होतं. यंत्र बंद असताना उपकरण जवळजवळ गप्प होतं. व्होल्टेज चढवलं आणि आकडा वर जायला लागला. आम्ही सगळे तिथेच होतो. डॉक्टरांनी बंद केलं, परत चालू केलं. परत आकडा चढला. औषधवाले काका रडायला लागले. तो मुलगा मात्र शटरबाहेर गेला आणि आईला फोन लावला.

त्या आठवड्यात त्याने विहारात जाऊन सांगितलं की ठाण्यात आम्ही अणू जोडलेत आणि त्यात तुमच्या सगळ्यांचा वाटा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या आईने शेजारीपाजारी खीर वाटली. हे मला त्यानेच कौतुकाने सांगितलं, जरा लाजतसुद्धा होता.

नंतर पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. सुरुवातीला साधा ताप म्हणून अंगावर काढला, कामावरही जात राहिला. कल्याणला दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झालेला होता. मी भेटायला गेले त्या दिवशी तो बोलत होता. पुढच्या महिन्यात कॉलेजच्या मुलांना गाळा दाखवायचाय, ते तुम्ही सांभाळून घ्या, असं मला म्हणाला. मी हो म्हटलं. दोन दिवसांनी फोन आला.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, आम्ही सगळे आंबिवलीला गेलो. विहाराबाहेर त्याचा फोटो लावला होता, आमच्याच यंत्राशेजारी उभा राहून काढलेला. वस्तीतले एक ज्येष्ठ गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की आपल्या पोराने फार मोठ्या शोधाला हात लावला होता. आई समोर बसली होती. शिवणकाम करणारी, माझ्याहून वयाने लहान बाई. वडील कारखान्यात कामगार होते, कारखाना बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागलेले. ते दाराशी उभे होते, आत आले नाहीत. त्यानंतर दर महिन्याला मुलगा द्यायचा तेवढीच वर्गणी आईकडून येऊ लागली. धाकट्या मुलीच्या फोनवरून पाठवायच्या. मी एकदा सांगून पाहिलं की याची गरज नाही. त्या म्हणाल्या, त्याचं चालू राहू द्या.

काही महिने गेले. एका सकाळी डॉक्टरांनी मला गाळ्यात बोलावून घेतलं. एकटीला. ते बरेच दिवस झोपलेले दिसत नव्हते. त्यांनी मला बसवलं आणि यंत्र चालू केलं. उपकरणावरचा आकडा नेहमीसारखा चढला. मी म्हटलं, मग बिघडलं काय? ते म्हणाले, “आत साधा हायड्रोजन आहे.”

मी फिजिक्सची शिक्षिका, मला यापुढे काही सांगायची गरज नव्हती. साध्या हायड्रोजनमधून न्यूट्रॉन निघणं शक्य नाही. तरी उपकरण तितकंच मोजत होतं. म्हणजे ते न्यूट्रॉन मोजतच नव्हतं. आमच्याच हाय व्होल्टेजमुळे केबलमध्ये जो विजेचा गोंधळ होत होता, तो ते न्यूट्रॉन समजून मोजत होतं. डॉक्टरांनी आठवडाभर सगळ्या बाजूंनी तपासलं होतं. केबल बदलल्या, उपकरणाला धातूचं आवरण घातलं. आवरण घातल्यावर आकडा शून्याच्या आसपास आला. मग जड हायड्रोजन परत भरला. तरीही शून्याच्या आसपासच.

त्या रविवारच्या बैठकीत एकेक जण सुचवायला लागला. कोणी म्हणालं, अजून व्होल्टेज वाढवून बघू आणि मगच जाहीर करू. कोणी म्हणालं, वेबसाइटवर लिहा, आपण प्रयोगच तर करत होतो, यात चोरी नाही. दोन्ही बोलणी खोटी नव्हती. शेवटी आर्किटेक्ट बाई हळूच म्हणाल्या की निदान त्या आंबिवलीच्या माउलीला तरी कोणी सांगू नका. सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही हलली. त्या बाईंजवळ मुलाचं जे उरलं होतं त्यातलं हे एक, ते काढून घेऊन कोणाचं भलं होणार होतं?

डॉक्टर ऐकत होते. ते म्हणाले की वेबसाइटवर आजच लिहितो, आणि ज्यांना आपण तोंडाने सांगितलं होतं त्यांना तोंडानेच सांगायला मी जाणार आहे. आंबिवलीला सर्वांत आधी. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्ही याल का बरोबर?

आम्ही दुपारचे गेलो. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी शिलाई मशीन. मुलाच्या आईंनी मशीनवरचं कापड बाजूला केलं, आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः खाली बसल्या. वडीलही रात्रपाळी करून आलेले, तेही उठून बसले. आम्ही वर आणि ते खाली हे मला सहन होईना, म्हणून मीही खाली बसले. डॉक्टरही बसले.

त्यांनी आडवळण घेतलं नाही. जड हायड्रोजन काय, साधा काय, कशातून काय निघायला हवं होतं आणि काय झालं, हे त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. त्या दिवशी आकडा चढला तो खरा नव्हता, असं म्हणाले. बाई मध्ये बोलल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, “म्हणजे भिंतीपलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या आपण आपल्याच घरच्या म्हणून मोजल्या.”

डॉक्टर म्हणाले, हो, तसंच.

“आणि आपल्या कुकरखाली गॅसच नव्हता.”

“गॅस होता. पण शिजलं काही नाही.”

यावर वडील पहिल्यांदा बोलले. त्याला हे माहीत होतं का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, मला स्वतःलाही नाही, असं ते म्हणाले. वडिलांनी मान डोलावली आणि उठून आतल्या खोलीत गेले. आतून नळाचा आवाज येत राहिला.

मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागले. त्याचं काम वाया गेलं नाही, विज्ञानात असं होतं, चुकीची वाट कळणं हेही ज्ञानच, असलं सगळं. मी वर्गात हे शेकडो वेळा बोलले असेन. बाईंनी मला थांबवलं. रागावून नाही, पण थांबवलं. म्हणाल्या, “ताई, ते मला नका सांगू. तो विहारात उभा राहून बोललेला. लोकांनी त्याच्या शब्दावर दिलंय. तिथे जाऊन सांगा.”

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांना हे अपेक्षित नसावं. त्यांनी विचारलं की लोक त्याच्याबद्दल काही बोलले तर तुम्हाला त्रास होणार नाही का. बाई म्हणाल्या की त्रास तर होणारच. मग त्यांनी आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली केला. “ह्यांचा कारखाना बंद झाला तेव्हा कोणी येऊन सांगितलं नव्हतं. सकाळी गेले तर गेटला कुलूप. तेव्हापासून हे असे झाले. तुम्ही घरी येऊन सांगितलंत, तसंच विहारातल्या लोकांनाही सांगा.”

पुढच्या रविवारी आम्ही विहारात गेलो. वंदनेनंतर लोकांना थांबायला सांगितलं होतं. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, धाकटी मुलगी शेजारी. वडील आले नव्हते. ज्या जागी मुलगा उभा राहून बोलला होता तिथेच डॉक्टर उभे राहिले. एवढी व्याख्यानं दिलेला माणूस, पण त्या दिवशी सुरुवात करायला त्यांना वेळ लागला. त्यांनी सगळं सांगितलं. कुकरचं उदाहरण बाईंचं आहे असं सांगूनच घेतलं. वर्गणी परत हवी असेल तर मी माझ्याकडून देईन, असंही म्हणाले.

पुण्यानुमोदनाला बोलले होते तेच ज्येष्ठ गृहस्थ उभे राहिले. त्यांचा आवाज कडक होता. त्यांनी विचारलं, हा साध्या हायड्रोजनचा तपास आधी का नाही केला? मुलगा आमच्यासमोर येऊन बोलायच्या आधी?

मला वाटलं डॉक्टर आता उपकरणांबद्दल, खर्चाबद्दल काही सांगतील. सांगण्यासारखं होतंही. ते म्हणाले, “करायला हवा होता. घाई झाली. आकडा हवा होता आणि तो दिसला.”

ते गृहस्थ खाली बसले. पाठीमागून एक बाई म्हणाली की पोरगा गेला ते बरं झालं, हे ऐकायला नाही राहिला. तिला गप्प केलं गेलं, पण ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं. पहिल्या रांगेत आईने मान वळवली नाही. त्या समोर बघत राहिल्या. मला त्या क्षणी त्यांचा हात धरावासा वाटला, पण मी दोन रांगा सोडून बसले होते, आणि उठले असते तर सगळ्यांनी बघितलं असतं.

वर्गणी दोघांनी परत मागितली. डॉक्टरांनी दिली. बाकीच्यांनी विषय काढला नाही, मात्र त्यानंतर त्या विहारात आम्हाला व्याख्यानाला कोणी बोलावलं नाही. बाईंची महिन्याची वर्गणी त्याच महिन्यापासून थांबली. त्यांनी कळवलं नाही, आम्ही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांनी आणखी काही महिने काम केलं. उपकरण दुरुस्त होतं, त्यामुळे आता दिसेल ते खरं दिसणार होतं, आणि खरं असं दिसलं की त्यांची मांडणी चालत नाही. अणूंना धरून ठेवण्याआधीच ते भांड्याच्या भिंतीवर आपटून थंड होत होते. त्यांनी ते सविस्तर लिहून काढलं आणि ज्यांना वाचायचं त्यांच्यासाठी खुलं ठेवलं. परदेशातल्या एका संशोधकाने आभाराचा मेल पाठवला, आम्हीही तीच मांडणी करणार होतो असं लिहून. डॉक्टरांनी तो गटात वाचून दाखवला, पण आवाजात आनंद नव्हता. गाळ्याचं भाडं पुढे देण्यात अर्थ नव्हता. भांडं आणि पंप कल्याणच्या एका कॉलेजला दिले. तिथे मुलं व्हॅक्यूमचे प्रयोग करतात. गाळ्यात आता प्लॅस्टिकच्या डब्यांचं गोडाऊन आहे. डॉक्टर दुसऱ्या राज्यात एका मोठ्या प्रकल्पावर नोकरीला लागले. यंत्राच्या आतल्या भिंतीवर काम करतात. क्वचित फोन करतात, तेव्हा त्या भिंतीबद्दलच बोलतात.

आमच्या गटात आता चार-पाच जण उरलोत. आम्ही पैसे गोळा करत नाही. शाळा-कॉलेजात बोलावलं तर जातो. लोक अजूनही विचारतात की हे होणार कधी. मी सांगते, होईल असं मला वाटतं, पण कधी ते मला माहीत नाही, आणि जो तुम्हाला साल सांगेल त्याला परत प्रश्न विचारा. पूर्वी मी इतकं थोडक्यात बोलत नसे.

आईंचं आणि माझं फोनवर बोलणं होतं. गुडघ्यांबद्दल, ब्लाउजच्या शिलाईच्या वाढलेल्या भावाबद्दल, धाकटीच्या नोकरीबद्दल. फ्युजनचा विषय दोघींपैकी कोणी काढत नाही. मुलाच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे त्यांच्याकडे त्याला स्मृतिदिन म्हणतात, त्या मला बोलावतात आणि मी जाते. मागच्या वेळी घरात नातेवाईक बरेच होते. कोणीतरी माझी ओळख करून देताना म्हणालं, ह्या त्या यंत्रवाल्या मॅडम, ज्यांचं ते फसलं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

बाई ताटं वाढत होत्या. त्यांनी वाढणं थांबवलं नाही. “माझ्या मुलाबरोबर काम करायच्या त्या,” असं म्हणाल्या आणि माझ्या ताटात भात वाढला.